सरकारी दवाखान्यातली रांग आणि रिकामी खुर्ची : जाब कुणाला आणि कसा विचारायचा

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शिरलं की डाव्या हाताला एक पत्र्याचा फलक आहे. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत पदांची यादी आणि पुढे तीन रकाने : मंजूर, भरलेली, रिक्त. आईच्या साखरेच्या गोळ्या आणायला मी दर महिन्याला तिथे जायचो आणि जवळजवळ वर्षभर त्याच फलकाला पाठ टेकून बसायचो. गोळ्यांच्या खिडकीपुढची रांग हलत नाही म्हणून एकदा आतल्या बाईंवर आवाजही चढवला. पुढच्या महिन्यात सहज मान वळवून फलक वाचला. औषध निर्माण अधिकारी : मंजूर १, रिक्त १. खिडकीत बसलेल्या बाई आरोग्य सेविका होत्या. सकाळी लसीकरण उरकून दुपारी त्या गोळ्या मोजायला बसत. मी ज्यांच्यावर ओरडलो त्या दोन माणसांचं काम करत होत्या, आणि ज्यांना विचारायला हवं होतं ते तिथून चाळीस किलोमीटरवर जिल्हा परिषदेच्या इमारतीत बसत होते.

सरकारी दवाखान्यातली रांग पाहून ज्यांचं डोकं फिरतं, पण पुढे काय करायचं हे ठाऊक नसतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वकील लागत नाही. वही, पेन, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीन-चार महिने टिकेल एवढा चिवटपणा लागतो. महाराष्ट्रातल्या पद्धती धरूनच सगळं सांगतो आहे.

आधी दवाखाना कुणाचा ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. पाटीवर ‘शासकीय’ एवढंच वाचून भागत नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. तिथली उतरंड अशी : केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, आणि त्यांचे जिल्ह्यातले साहेब म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सक, ज्यांना सगळे ‘सिव्हिल सर्जन’ म्हणतात. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं मोठं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. शहरातले दवाखाने महापालिकेचे, तिथे आरोग्य अधिकारी आणि वर आयुक्त. कामगार विम्याचं रुग्णालय आणखी वेगळं.

एकाच तालुक्याच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय समोरासमोर असतं आणि दोघांचे साहेब वेगळे असतात. ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या पदाबद्दल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला विचारलंत, तर ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढंच उत्तर येईल, आणि ते खरंच असेल. केसपेपरच्या डोक्यावर संस्थेचं पूर्ण नाव छापलेलं असतं. तेच जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या.

रांग घड्याळ लावून मोजा

‘फार वेळ लागतो’ या तक्रारीला कागदावर काही किंमत नाही. आरोग्य खात्याच्या संगणकात बाह्यरुग्ण किती आले, प्रसूती किती झाल्या, लसी किती टोचल्या याची महिनेवार नोंद जाते. माणूस किती वेळ ताटकळला, याचा रकाना मात्र त्या मासिक अहवालात नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवड्यांचं उद्दिष्ट ठरलेलं आहे, आणि त्यात किती रुग्ण बसले याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. उद्दिष्ट तिथेही वर्षानुवर्षं चुकतंच आहे, पण चुकलं हे सगळ्यांना दिसतं. आपल्याकडे ते दिसावं म्हणून घड्याळ आपणच लावायचं.

एका फेरीत चार वेळा टिपा : रांगेत उभे राहिलात ती, केसपेपर हातात आला ती, डॉक्टरांसमोर बसलात ती आणि औषध घेऊन बाहेर पडलात ती. रक्त-लघवी तपासायला सांगितली असेल तर पाचवी. संगणकावरचा केसपेपर असला तर त्यावर बहुधा तारखेबरोबर वेळही छापून येते, तो पुरावा फुकटात मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरला पैसे पडत नाहीत, म्हणून लोक तो घरी जाताना चोळामोळा करून टाकतात. टाकू नका, फोटो काढून ठेवा.

माझ्या वहीतलं एक पान असं होतं : ‘सोमवार. रांग ९.१०. केसपेपर ९.२५. डॉक्टर १०.४०. औषध १२.०५.’ डॉक्टरांसाठी सव्वा तास गेला, हे दिसतंच. पण डॉक्टर झाल्यावर नुसत्या गोळ्यांसाठी जवळजवळ दीड तास गेला, हे लिहून काढेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. रांग नेमकी कुठे तुंबते ते कळलं की कुठलं पद रिकामं असणार याचा अंदाज येतो. केसपेपरला तुंबली तर लिपिक, तपासणीला तुंबली तर प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गोळ्यांना तुंबली तर औषध निर्माण अधिकारी. सगळे जण ‘डॉक्टर नाहीत, डॉक्टर नाहीत’ करत असतात आणि रांग अडलेली असते भलतीकडेच.

एकट्याची चार पानं पुरत नाहीत. पाच-सहा घरांतल्या लोकांना हाच नेम लावा. वेगवेगळे वार येतील असं बघा, बाजाराच्या दिवसाची गर्दी वेगळी असते. महिन्याभरात वीस-पंचवीस नोंदी जमल्या तर पुरे.

आणि एक छोटं गणित. समजा बाह्यरुग्ण विभाग सकाळी चार तास चालतो, म्हणजे २४० मिनिटं. रुग्ण १२० आणि डॉक्टर एक. माणशी दोन मिनिटं, त्यात नाव विचारणं आलं, तपासणं आलं आणि चिठ्ठी लिहिणंही आलं. दुसऱ्या डॉक्टरचं पद भरलेलं असेल तर चार मिनिटं. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की ‘डॉक्टर नीट बघत नाहीत’ या तक्रारीचं उत्तर निम्मंअधिक तिथेच सापडतं.

मंजूर, भरलेलं, कार्यरत, रिक्त

या चार शब्दांत सगळी मेख आहे.

मंजूर पद म्हणजे शासनाने आकृतिबंधात मान्य केलेलं पद. कुठल्या संस्थेत कुठल्या संवर्गाची किती पदं, याचा शासन निर्णय असतो, तोच आकृतिबंध. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधारणपणे वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं मंजूर असतात. शिवाय औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सहाय्यक, आरोग्य सहाय्यिका, सेवक-सेविका, वाहनचालक, परिचर अशी मंडळी. केंद्र सरकारची ‘भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं’ही आहेत. ती २००७ मध्ये आली, पुढे २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली. त्या हिशेबाने सपाट भागात ३० हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि अनुक्रमे ५ हजार व ३ हजारांमागे एक उपकेंद्र हवं. ती मानकं म्हणजे शिफारस. आकृतिबंध म्हणजे शासनाने स्वतः दिलेला शब्द. म्हणून जाब विचारताना आधी आकृतिबंध पुढे करा आणि मानकं मागून. राज्याचा आरोग्य संस्थांचा बृहत आराखडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. शहराला चिकटलेल्या तुमच्या गावाची वस्ती तेव्हापासून दुप्पट झाली असली, तरी कागदावर ती तेवढीच आहे. म्हणजे सगळी पदं भरलेली असूनही रांग लांब असू शकते, आणि मग मागणी पदं भरण्याची नसून नवीन पदं किंवा नवीन केंद्र मंजूर करण्याची होते.

भरलेलं पद म्हणजे ज्यावर कुणाची तरी नेमणूक झाली आहे ते. तो माणूस तुमच्या दवाखान्यात बसतोच असं नाही. ‘प्रतिनियुक्ती’ या शब्दाशी ओळख करून घ्या. पगार तुमच्या केंद्राच्या आस्थापनेवर आणि काम जिल्ह्याच्या कार्यालयात किंवा शहराजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात, ही व्यवस्था सर्रास चालते. फलकावर ‘रिक्त ०’ आणि खुर्ची मोकळी, हे कोडं तिथे सुटतं. लांबची रजा, उच्च शिक्षणासाठी गेलेले डॉक्टर, दोन केंद्रांचा ‘अतिरिक्त कार्यभार’ सांभाळणारे, हे सगळे भरलेल्याच रकान्यात मोजले जातात. म्हणून ‘भरलेली किती’ यावर थांबू नका, ‘प्रत्यक्ष या ठिकाणी कार्यरत किती’ असं विचारा.

कंत्राटींचा हिशेब वेगळा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कर्मचारी करारावर असतात. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची सेवा बंधनकारक असते आणि ती न केल्यास दहा लाख रुपये दंड असतो. हे बंधपत्रित डॉक्टर येतात, वर्ष भरतं, पदव्युत्तर प्रवेश मिळतो आणि जातात. त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्यांच्या नावावर नियमित पद झाकलं जातं, हे विसरू नका.

आणखी एक गोष्ट ग्रामीण रुग्णालयाबद्दल. तिथे पदांची टक्केवारी फसवी असते. सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो आणि रक्ताची सोय लागते. भूलतज्ज्ञाचं एक पद रिकामं राहिलं की शस्त्रक्रियागृहाला कुलूप. मग स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असूनही बाईला १०८ च्या गाडीत घालून जिल्ह्याला धाडलं जातं. ‘आमच्याकडे बहुतेक पदं भरलेली आहेत’ असं कुणी ऐकवलं तर विचारा, गेल्या सहा महिन्यांत इथे सिझेरियन किती झाली आणि किती बायका पुढे पाठवल्या? सोनोग्राफीचंही तसंच. यंत्र आहे, चालवणारा क्ष-किरणतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो, आणि ‘तारीख’ तीन आठवड्यांनंतरची मिळते.

माहिती अधिकाराचा अर्ज

फलकावरचे आकडे खडूने बदलता येतात, सही-शिक्क्याचा कागद बदलता येत नाही. तो मिळवण्याचा रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५.

अर्ज करण्याआधी जिल्हा परिषदेच्या किंवा संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘कलम ४(१)(ख)’ शोधा. प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती कुणी न मागता जाहीर करायची असते, त्यात अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी येते. बहुतेक ठिकाणी ती जुनी असते. जुनी असली तरी छापून घ्या, पुढे तुलनेला कामी येते.

अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात करायचा आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर शुल्क नाही, कार्डाची प्रत जोडायची. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. नवखा माणूस इथेच घसरतो : मनातली सगळी चीड अर्जात ओततो. ‘डॉक्टर का येत नाहीत?’, ‘पद इतकी वर्षं रिकामं का ठेवलं?’ असं लिहितो. ‘का’ ला उत्तर देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. कार्यालयात जो कागद आहे त्याची प्रत देणं एवढंच त्याचं काम. म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा. मी वापरलेला मजकूर थोडा झाडूनपुसून देतो :

‘विषय : प्राथमिक आरोग्य केंद्र ______ येथील पदांची स्थिती.
कालावधी : मागील दोन आर्थिक वर्षे व चालू वर्ष.
१) या केंद्राच्या मंजूर पदांच्या आकृतिबंधाची प्रत.
२) संवर्गनिहाय मंजूर, भरलेली, प्रत्यक्ष कार्यरत व रिक्त पदे आणि प्रत्येक पद रिक्त झाल्याचा दिनांक दर्शवणाऱ्या विवरणपत्राची प्रत.
३) या केंद्राच्या आस्थापनेवरील पदांबाबत काढलेल्या प्रतिनियुक्ती व अतिरिक्त कार्यभार आदेशांच्या प्रती.
४) रिक्त पदे भरण्याबाबत वरिष्ठ कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.
५) बाह्यरुग्णांची महिनानिहाय संख्या.’

चौथा मुद्दा वाचून कुणी हसेल, पण सगळ्यात जास्त माल त्यातच निघतो. केंद्राच्या डॉक्टरांनी पद भरण्यासाठी वर्षभर पत्रं लिहिलेली असतात, तालुक्याने ती ‘सविनय सादर’ करून पुढे ढकललेली असतात आणि जिल्ह्यावर ती फायलीत झोपलेली असतात. पत्रांच्या तारखा लावल्या की काम कुणाच्या टेबलावर अडलं ते बोट ठेवून दाखवता येतं. आणि ज्यांच्याशी आपण रोज भांडतो ते डॉक्टर आपल्याच बाजूचे निघतात.

अर्जात कर्मचाऱ्यांची नावं मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आहे आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं आता सोपं झालं आहे. आपल्याला माणूस नको, पद हवं आहे. पद वैयक्तिक नसतं.

अर्ज कुणाकडे? एका केंद्राची माहिती हवी असेल तर जन माहिती अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी कार्यालय. सगळ्या तालुक्यांची तुलना हवी असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालय. चुकीच्या कार्यालयात गेला तरी घाबरू नका, कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. ‘साहेब आल्यावर शिक्का मारतो, तुम्ही ठेवून जा’ हे वाक्य ऐकू येईल. तेव्हा सरळ टपाल कचेरी गाठा आणि पोचपावतीसह पाठवा.

तीस दिवस आणि त्यानंतर

उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण रिकाम्या पदाच्या अर्जाला ते कलम उगाच चिकटवू नका. साध्या प्रतींना पानाला दोन रुपये पडतात. मुदतीत माहिती दिली नाही तर पुढे ती फुकट द्यावी लागते, कलम ७(६).

उत्तर आलं नाही, अर्धवट आलं किंवा ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’ असं आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील. त्याचा नमुना जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. माझा अनुभव असा की निम्मी माहिती अपिलाची नोटीस निघाल्यावर आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी येते. तेव्हा अपील म्हणजे भांडण असं मानून संकोचू नका, ती त्या यंत्राची किल्ली आहे. तिथेही निभावलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो. पण तिथे प्रकरणं खूप तुंबलेली असतात, म्हणून दुसरं अपील दाखल करून मोकळे व्हा आणि त्याची वाट बघत बाकीचं काम थांबवू नका. फाइल समोर ठेवून वाचायचीही मुभा कायद्यात आहे, तिला अवलोकन म्हणतात. प्रती मिळत नसतील तर अवलोकनाचा अर्ज करा. नोटशीटच्या समासातले शेरे वाचायला मिळतात, ते कधी कधी उत्तरापेक्षा बोलके असतात.

आता कागद घेऊन कुठे जायचं

सगळ्यात जवळची जागा ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा बहुतेकांना पाठ असतात, पण त्या सभेत आरोग्याचा विषय पाणी आणि घरकुलाच्या मागे राहतो. आधीच ग्रामपंचायतीला लेखी देऊन विषय पत्रिकेत घ्यायला लावा. ठरावात पदाचं नाव, रिक्त झाल्याची तारीख आणि रांगेची सरासरी वेळ लिहून घ्या, आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत जिल्हा आरोग्य अधिकारी व जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पाठवा. केंद्राखालच्या तीन-चार गावांनी एकच ठराव केला तर त्याचं वजन बदलतं.

दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती असते. पद भरणं तिच्या हातात नाही, पण रांग सुसह्य करणं आहे : बाकडी, पाणी, टोकन, म्हाताऱ्यांसाठी वेगळी खिडकी. आमच्याकडे साखर-रक्तदाबाच्या नेहमीच्या रुग्णांना मंगळवार नेमून दिल्यावर सोमवारची रांग बरीच आटली. नवं माणूस न येता झालेला हा एकच बदल, आणि तो सुचवला त्या आरोग्य सेविका बाईंनीच.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीची पद्धत महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत चालली. गावकऱ्यांनी सेवांना गुणपत्रक द्यायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचं. तुमच्या जिल्ह्यात तसं काम केलेली संस्था असेल तर तिची माणसं गाठा. जनसुनवाई कशी लावायची हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकण्याचा दिवस. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी. इथे एक खड्डा आहे : सेवाविषयक आणि आस्थापनाविषयक अर्ज तिथे घेत नाहीत, आणि तक्रार वैयक्तिक असावी लागते. ‘रिक्त पद भरा’ लिहिलंत की अर्ज परत येतो. ‘माझ्या सुनेला अमुक तारखेला सोनोग्राफीसाठी इतक्या दिवसांनंतरची तारीख दिली, सोबत चिठ्ठी जोडली आहे, तिची सोय करावी’ असं लिहिलंत तर घ्यावा लागतो. मग उत्तर देताना तेच लिहून देतात, ‘क्ष-किरणतज्ज्ञाचं पद रिक्त असल्याने’. झालं, हवा तो कबुलीजबाब कागदावर आला.

‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार टाकली तर कामकाजाच्या २१ दिवसांत निवारणाचं आश्वासन आहे. उत्तर पुष्कळदा ‘संबंधितांना कळवण्यात आले आहे’ एवढंच येतं. टोकन क्रमांक मात्र जपून ठेवा.

मग आमदार. भेटीत निवेदन देऊन फोटो काढणं सोपं असतं. त्याऐवजी तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदाच तयार करून द्या : अमुक ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं पद अमुक तारखेपासून रिक्त आहे हे खरे आहे काय, असल्यास ते भरण्यासाठी शासनाने कोणती कार्यवाही केली. अधिवेशन वर्षातून तीनदा होतं, हिवाळी नागपूरला. प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात, म्हणून अधिवेशनाच्या दोन महिने आधी जा. शिवाय २०१६ ते २०२२ या काळातल्या राज्याच्या आरोग्यसेवेचं लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांनी केलं आहे, तो अहवाल २०२४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. डॉक्टर-परिचारिकांच्या तुटवड्यावर त्यात अख्खं प्रकरण आहे. आपल्या जिल्ह्याचा उल्लेख सापडला तर तो उतारा निवेदनाला जोडा. नागरिकाचं म्हणणं बाजूला सारता येतं, महालेखापरीक्षकांचं सारणं अवघड असतं.

कोर्टाबद्दल थोडंसं

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या शेतमजूर समितीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. रेल्वेतून पडलेल्या एका माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं, त्यावरून ते प्रकरण उभं राहिलं. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस २४ तासांत २४ मृत्यू झाले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारकडे रिक्त पदांचा आणि आरोग्यावरच्या खर्चाचा तपशील मागितला. तुम्ही मागता आहात तोच कागद न्यायालयानेही पहिल्यांदा मागितला. एका प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जनहित याचिकेच्या वाटेला जाऊ नका. जिल्हाभराची माहिती जमली आणि बाकीची दारं ठोठावून झाली, तर मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा, सल्ला मोफत मिळतो.

हात आवरण्याच्या जागा

ड्युटीवरच्या माणसावर धावून जाऊ नका, टेबल आपटू नका. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एक गुन्हा नोंदला गेला की तुमची वही आणि अर्ज कुणी विचारत नाही. वॉर्डात शिरून मोबाइलवर चित्रीकरण करू नका, खाटेवर दुसऱ्याची आई-बहीण असते. फोटो काढायचा तर फलकाचा काढा. दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच कोनातून. सहा महिन्यांचे सहा फोटो शेजारी ठेवले की वेगळं भाषण करावं लागत नाही.

डॉक्टर आल्यावर

आमच्या केंद्रात औषध निर्माण अधिकारी अकरा महिन्यांनी आले. दुसरे डॉक्टरही आले, बंधपत्रित. फलकावर खडूने शून्य पडलं आणि गावातल्या दोघांनी वह्या बंद केल्या. मी बंद केली नाही. रुजू झाल्याची तारीख पहिल्या पानावर लिहिली, त्यात एक वर्ष मिळवलं आणि दोन महिने वजा केले. ती तारीख येईल त्या दिवशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावाने एक साधं पत्र जाणार आहे : अमुक तारखेला बंधपत्राचा कालावधी संपतो आहे, त्याआधी या पदावर नेमणुकीची काय कार्यवाही केली ते कळवावं. मसुदा तयार आहे, फक्त जावक तारखेची जागा कोरी ठेवली आहे.